विश्लेषण : संस्थान गेले, चित्रे राहिली! औंधच्या राजाने आपला कलासंग्रह डोंगरावर का ठेवला?

औंध म्हटले की ठाणे, कल्याण, डोंबिवलीतील बहुतेकांना पुण्याचे औंध आठवते. आयटी कंपन्या, मोठे रस्ते, महागडे फ्लॅट. पण या पट्ट्यात राहणाऱ्या एखाद्या सातारकराला विचारा. तो खटाव तालुक्यातील औंधचे नाव घेईल. यमाईचा डोंगर, जत्रा आणि डोंगराच्या अंगाखांद्यावर उभे असलेले श्री भवानी वस्तुसंग्रहालय. राजा रविवर्मा, महादेव विश्वनाथ धुरंधर, बाबूराव पेंटर यांची चित्रे या संग्रहालयात आहेत. विसाव्या शतकातील जगातल्या सर्वांत मोठ्या शिल्पकारांपैकी एक असलेल्या हेन्री मूर यांचे आई आणि मुलाचे दगडी शिल्पही येथेच आहे. दुष्काळी टापूतल्या एका गावात हा खजिना जमवणारी व्यक्ती होती औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. ते कोण होते, त्यांनी चित्रे का जमवली आणि राज्य जाण्याच्या दहा वर्षे आधी ती लोकांसाठी खुली का केली, याविषयी…

पंतप्रतिनिधी म्हणजे कोण? औंध संस्थान किती मोठे होते?

छत्रपती राजाराम महाराज जिंजीला असताना मराठी राज्यात 'प्रतिनिधी' हे पद निर्माण झाले. छत्रपतींच्या वतीने कारभार पाहणारा तो प्रतिनिधी. पुढे हे पद किन्हईच्या परशुराम त्रिंबक यांच्या घराण्याकडे आले आणि तेच घराण्याचे नाव झाले. इंग्रजी अमलात या घराण्याकडे औंधचे छोटे संस्थान राहिले.

छोटे म्हणजे किती? क्षेत्रफळ सुमारे ५०० चौरस मैल, गावे सत्तरच्या घरात आणि लोकसंख्या लाखाच्याही आत. म्हणजे आजच्या डोंबिवली शहरातील लोकवस्ती त्या संपूर्ण संस्थानाच्या कितीतरी पट आहे. शिवाय हा मुलूख सलग नव्हता. औंध एकीकडे, आटपाडी दुसरीकडे, कुंडल तिसरीकडे आणि एक तुकडा थेट विजापूरच्या बाजूला. मधल्या गावांवर इंग्रजांचा किंवा दुसऱ्या संस्थानिकाचा अंमल. यातला बराच भाग पर्जन्यछायेतला. आटपाडीचा माणदेश तर दुष्काळासाठीच ओळखला जातो.

बडोदा, म्हैसूर, ग्वाल्हेर, हैदराबाद यांच्याशी औंधची तुलनाच होऊ शकत नव्हती. त्या संस्थानांच्या तिजोरीत जे सहज बसत होते, ते औंधला जपून करावे लागे. हे लक्षात घेतल्याशिवाय या संग्रहाचे वेगळेपण समजत नाही.

राजा होण्याआधी काय करत होते?

भवानरावांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ चा. ते घरातील थोरले नव्हते, त्यामुळे गादी आपल्याकडे येईल असे गृहीत धरून वाढले नाहीत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून त्यांनी बी.ए. ची पदवी घेतली. त्या काळात पदवीधर संस्थानिक ही दुर्मीळ गोष्ट होती. ४ नोव्हेंबर १९०९ रोजी ते गादीवर आले तेव्हा त्यांचे वय ४१ होते. आवडीनिवडी, सवयी आणि मते तोवर पक्की झालेली होती.

या आवडींची यादी मोठी आहे. ते कीर्तन करत. सूर्यनमस्कार घालत आणि इतरांनाही घालायला लावत. संस्थानातील शाळांमध्ये त्यांनी सूर्यनमस्कार सुरू केले, १९२८ मध्ये त्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिले आणि हा व्यायाम परदेशी वाचकांपर्यंत नेला. आज योगवर्गात सूर्यनमस्कार सर्रास शिकवले जातात, त्यामागे या राजाचा मोठा वाटा आहे. १९३५ मध्ये इंदूरला झालेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' ही कादंबरी वाचणाऱ्यांना औंध संस्थानातील ती एकशिक्षकी शाळा आणि गावाने बांधलेली तालीम आठवत असेल. त्या गोष्टीतला राजा याच पंतांच्या रूपावर बेतलेला आहे.

पण या सगळ्यांत खोलवर रुजलेली आवड होती चित्रकलेची. ते स्वतः चित्रे काढत. १९१६ मध्ये त्यांनी काढलेल्या चित्रांचे 'चित्ररामायण' मुंबईत छापून प्रसिद्ध झाले. चित्रे विकत घेणारे राजे पुष्कळ होते. स्वतः हातात कुंचला घेणारे कमी होते. चित्र काढायला किती श्रम आणि किती वर्षांचा सराव लागतो, हे ठाऊक असलेला माणूस चित्रकाराकडे वेगळ्या नजरेने पाहतो. औंधच्या संग्रहाची सुरुवात या नजरेतून झाली.

अजिंठ्याला चित्रकार का नेले?

अजिंठ्याच्या लेण्यांतील भित्तिचित्रे १८१९ मध्ये पुन्हा जगासमोर आली. त्यानंतर त्यांच्या नकला करण्याचे प्रयत्न सुरू झाले आणि त्यांना विलक्षण दुर्दैवाने घेरले. मेजर रॉबर्ट गिल यांनी अनेक वर्षे खपून केलेल्या नकला लंडनला गेल्या आणि त्यांतील बहुतेक १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. नंतर मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह १८७२ पासून पुन्हा काम हाती घेतले. त्यांतल्याही अनेक नकला १८८५ मध्ये लंडनमधल्याच आगीत नष्ट झाल्या.

पुढच्या काळात पंतप्रतिनिधींनी स्वतः चित्रकारांना घेऊन अजिंठा गाठले. तेव्हा ही लेणी हैदराबादच्या निजामाच्या हद्दीत होती. तिथे चित्रांच्या नकला करून घेतल्या, अभ्यास केला आणि १९३२ मध्ये मुंबईच्या तारापोरवाला प्रकाशनाकडून त्यांचे अजिंठ्यावरील पुस्तक प्रसिद्ध झाले. आज मोबाइलवर दोन बोटांनी झूम करून आपण अजिंठ्याचे पद्मपाणी पाहू शकतो. तेव्हा रंगीत छायाचित्रण बाल्यावस्थेत होते. अंधाऱ्या लेण्यात दिव्याच्या किंवा आरशाने वळवलेल्या उन्हाच्या उजेडात बसून हाताने नकल करणे, हाच तपशील जपण्याचा मार्ग होता.

लेण्यातील मूळ चित्र राजवाड्यात आणता येत नाही. तरीही पंतप्रतिनिधींनी त्यावर वेळ आणि पैसा घातला. म्हणजे त्यांना हवा होता तो ताबा नव्हता. चित्र लोकांच्या नजरेत राहावे, ही धडपड होती.

महाभारताच्या प्रकल्पाशी काय संबंध?

याच वृत्तीचे दुसरे उदाहरण पुण्यातील भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत सापडते. १९१७ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेपुढे पंतप्रतिनिधींनी १९१८ मध्ये एक प्रस्ताव ठेवला. महाभारताची चिकित्सक आणि सचित्र आवृत्ती काढावी, त्यासाठी आपण एक लाख रुपये देऊ. शंभर वर्षांपूर्वीचे एक लाख आणि तेही औंधसारख्या लहान संस्थानाकडून.

चिकित्सक आवृत्ती म्हणजे काय? देशभरात महाभारताच्या हजारो हस्तलिखित प्रती होत्या आणि प्रत्येकीत पाठ थोडाफार वेगळा होता. त्या एकमेकींशी ताडून सर्वांत जुना आणि विश्वासार्ह पाठ ठरवायचा. १९१९ मध्ये रा. गो. भांडारकर यांच्या हस्ते कामाचा प्रारंभ झाला. १९२७ मध्ये पहिला भाग छापून आला. वि. स. सुखठणकर यांच्यासारख्या संपादकांनी या कामात आयुष्य घातले. प्रकल्प पूर्ण झाला १९६६ मध्ये. तोवर पंतप्रतिनिधींना जाऊन १५ वर्षे झाली होती. छापील भागांमध्ये त्यांनी काढलेली चित्रेही आहेत.

ज्या कामाचा शेवट आपल्या हयातीत दिसणार नाही, त्याला पहिला रुपया देणे हे देणगीदारांच्या नेहमीच्या सवयीत बसत नाही. पाटी लागते तिथे पैसे द्यायला माणसे लवकर तयार होतात.

कलावंत औंधला का येऊन राहिले?

पंतप्रतिनिधींनी कलाकृतींबरोबर माणसेही जमवली. पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर आज वेदांचे भाष्यकार म्हणून ओळखले जातात, पण त्यांचे शिक्षण झाले होते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि हैदराबाद, लाहोरला त्यांनी चित्रकार-छायाचित्रकार म्हणून व्यवसाय केला होता. १९१८ मध्ये ते औंधला आले आणि १९४८ पर्यंत तिथेच राहिले. त्यांचे पुत्र माधव सातवळेकर औंधच्या या वातावरणात वाढले, जे. जे. मध्ये आणि युरोपात शिकले, नामवंत चित्रकार झाले आणि पुढे महाराष्ट्राचे कला संचालक झाले. माधवरावांची चित्रेही भवानी संग्रहालयात आहेत.

गायक-व्हायोलिनवादक गजाननबुवा जोशी यांचे वडील अनंतबुवा (अंतूबुवा) हे औंध दरबारचे गायक. गजाननबुवांनी १९४० मध्ये औंधला संगीतोत्सव सुरू केला, तो आजही भरतो. हेच गजाननबुवा पुढे डोंबिवलीत राहिले आणि अनेक शिष्य त्यांनी घडवले. म्हणजे औंधचा एक सूर डोंबिवलीच्या घराघरांत आधीच येऊन पोहोचलेला आहे, फक्त आपल्याला त्याचा पत्ता नाही.

तिसरे नाव इंजिनीअरिंग शिकलेल्या प्रत्येकाला ओळखीचे आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर. चित्रकार होण्यासाठी ते जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले, पण काही रंग नीट ओळखता येत नाहीत असे लक्षात आल्यावर रंगकाम सोडून यंत्रांच्या रेखाचित्रांकडे वळले. बेळगावातील त्यांच्या कारखान्याची जागा गेली तेव्हा पंतप्रतिनिधींनी त्यांना कुंडल रोड स्थानकाजवळ निवडुंगाने भरलेला माळ दिला, भांडवलासाठी कर्जही दिले. १९१० मध्ये तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. लोखंडी नांगर तयार करणारा उद्योजक आणि तैलचित्रे जमवणारा राजा यांची मैत्री वरवर विचित्र वाटते. पण दोघांनाही रेषेची भाषा येत होती.

संग्रहात नेमके आहे काय?

भवानी संग्रहालयाचे वैशिष्ट्य म्हणजे येथे जुने आणि त्या काळचे नवे एकत्र नांदते. एकीकडे लघुचित्रे, चंदन आणि हस्तिदंतावरील कोरीवकाम, धातूच्या वस्तू, हस्तलिखिते आणि मोठे ग्रंथालय. दुसरीकडे पंतप्रतिनिधींच्या हयातीत काम करत असलेल्या चित्रकारांची चित्रे.

राजा रविवर्मा यांचे निधन १९०६ मध्ये झाले. तैलरंग आणि युरोपीय पद्धतीची छायाप्रकाशाची हाताळणी वापरून त्यांनी पुराणातील स्त्री-पुरुषांना हाडामांसाची माणसे केले. आपल्या आजी-आजोबांच्या देवघरातील लक्ष्मी आणि सरस्वतीचे चेहरे त्यांच्याच छापखान्यातून आले. धुरंधर कोल्हापूरचे. जे. जे. स्कूलमध्ये विद्यार्थी म्हणून गेले आणि पुढे तिथेच शिकवत राहिले. बाबूराव पेंटरही कोल्हापूरचे. नाटकांचे पडदे रंगवता रंगवता त्यांनी कॅमेरा तयार केला आणि मराठी सिनेमाचा पाया घातला. आज ही तिन्ही नावे इतिहासात गेली आहेत. पण पंतप्रतिनिधी त्यांची चित्रे जमवत होते तेव्हा ती समकालीन कला होती.

हेन्री मूर यांचे शिल्प का महत्त्वाचे?

बाकी संग्रह पाहून मूर यांच्या शिल्पापुढे आले की पाहणारा थबकतो. रविवर्मांच्या चित्रातली आई ओळखू येते. तिची साडी, दागिने, डोळे, सगळे जागच्या जागी असते. मूर यांच्या दगडातली आई तशी नाही. इंग्लंडमधील खाण कामगाराच्या घरात १८९८ मध्ये जन्मलेल्या या शिल्पकाराने दगडाला माणसासारखे गुळगुळीत करण्याचे नाकारले. दगड दगडच राहिला पाहिजे आणि तरीही त्यात आईचे वजन, मुलाला धरून ठेवण्याची तिची ताकद दिसली पाहिजे, असा त्यांचा प्रयत्न होता. आई आणि मूल हा विषय त्यांनी आयुष्यभर पुन्हा पुन्हा हाताळला. १९३० च्या दशकात त्यांच्या कामावर लंडनमध्येही टीका होत असे. युनेस्कोचे पॅरिसमधील मुख्यालय आणि न्यूयॉर्कचे लिंकन सेंटर यांच्या अंगणात त्यांची शिल्पे बसली, ती नंतर.

त्या काळातील मुंबईशी तुलना करून पाहा. हुसेन, सूझा, रझा, आरा, गाडे, बाकरे यांचा प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला १९४७ मध्ये. जहांगीर कलादालन उघडले १९५२ मध्ये. मुंबईत राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाचे दालन सुरू झाले थेट १९९६ मध्ये. भवानी संग्रहालय मात्र १९३८ मध्ये उभे राहिले होते, तेही वीज-पाण्यासाठी झगडणाऱ्या मुलखात.

१९३८ मध्ये काय घडले?

हे वर्ष पंतप्रतिनिधींच्या आयुष्यात सर्वांत महत्त्वाचे. ते ७० वर्षांचे होत होते. त्या वर्षी त्यांनी दोन गोष्टी हातातून सोडल्या.

पहिली गोष्ट कलासंग्रह. राजवाड्यातील चित्रे, शिल्पे, पुस्तके डोंगरावरील नव्या वास्तूत लोकांसाठी आली. जागेची निवड पाहण्यासारखी आहे. मूळपीठ डोंगराच्या माथ्यावर यमाईचे देवस्थान आहे. पंचक्रोशीतला शेतकरी, मेंढपाळ, बाजारकरी, लेकीला घेऊन ओटी भरायला आलेली बाई, सगळे त्या वाटेने वर जातात. संग्रहालय त्याच वाटेवर. राजवाड्याच्या दारात थबकणारा माणूस देवीच्या वाटेवर संकोचत नाही.

दुसरी गोष्ट सत्ता. १९३८ च्या अखेरीस पंतप्रतिनिधींनी संस्थानचा कारभार प्रजेकडे देण्याची घोषणा केली आणि जानेवारी १९३९ मध्ये औंधची स्वराज्य घटना अमलात आली. महात्मा गांधींनी तिच्या मसुद्यात जातीने लक्ष घातले. पोलंडमधून आलेले इंजिनीअर मॉरिस फ्रीडमन आणि पंतप्रतिनिधींचे पुत्र अप्पासाहेब पंत यांचा त्यात पुढाकार होता. गावपातळीवर निवडलेल्या पंचायती, त्यांच्यावर तालुका समित्या आणि त्यावर विधिमंडळ अशी रचना होती. गावातले तंटे गावातच सोडवायचे, महसुलाचा मोठा वाटा गावाकडे ठेवायचा, असे तिचे सूत्र होते. इतिहासात हा 'औंध प्रयोग' म्हणून ओळखला जातो. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत याच काळातली. व्ही. शांताराम यांचा १९५७ चा 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट याच प्रयोगावरून सुचला.

कलासंग्रह आणि सत्ता या दोन्हींकडे एकत्र पाहिले की संग्रहालयाचा अर्थ बदलतो. अनेक राजांनी आपल्या नावाची संग्रहालये बांधली, पण राज्य आपलेच ठेवले. इथे राजाने राज्यही दिले आणि चित्रेही.

दुष्काळी मुलखात चित्रांवर खर्च कशाला?

हा प्रश्न विचारायलाच हवा. ज्या गावांत बायका मैलोन्‌मैल पाणी आणत होत्या, तिथल्या राजाने तैलचित्रे आणि विलायती शिल्पकाराचा दगड जमवावा का? संस्थानिकाचा पैसा शेवटी रयतेच्या सारावसुलीतूनच येत असे. १९३९ च्या घटनेआधी राजाची खासगी मिळकत आणि संस्थानची तिजोरी यांच्यामधली भिंत कुठल्याच संस्थानात फार जाड नव्हती.

या प्रश्नाला संपूर्ण समाधान होईल असे उत्तर नाही. पण दोन गोष्टी नोंदवायला हव्यात. पहिली, याच राजाने शाळा, व्यायाम, उद्योग आणि ग्रामस्वराज्य यांवरही आयुष्य खर्च केले. ग. दि. माडगूळकर, व्यंकटेश माडगूळकर, शंकरराव खरात हे तिघेही याच छोट्या, कोरड्या संस्थानाच्या मातीतले. शंकरराव खरात दलित समाजातून आले, औंधच्या शाळेत शिकले आणि पुढे मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले. दुसरी गोष्ट, रयतेच्या पैशातून आलेली चित्रे रयतेलाच परत मिळाली. ज्यांच्या सारावसुलीतून हा संग्रह उभा राहिला, त्यांचे पणतू आज तिकीट काढून तो पाहू शकतात. देशातील कितीतरी राजवाड्यांच्या संग्रहांबाबत हे म्हणता येत नाही.

विलीनीकरणात संग्रहाचे काय झाले?

८ मार्च १९४८ रोजी दक्षिणेतील अनेक संस्थानांबरोबर औंधही मुंबई प्रांतात विलीन झाले. १३ एप्रिल १९५१ रोजी पंतप्रतिनिधींचे निधन झाले. स्वातंत्र्यानंतर अनेक संस्थानिकांच्या संग्रहांची वाताहत झाली. १९७१ मध्ये तनखे बंद झाल्यावर तर काही घराण्यांनी चित्रे, झुंबरे, दागिने विकायला काढले. वाटण्यांमध्ये जोड्या फुटल्या. मुंबईच्या चोर बाजारात राजवाड्यांचे फर्निचर दिसू लागले.

औंधचा संग्रह या वादळातून वाचला, कारण तो वादळाच्या दहा वर्षे आधीच घराबाहेर पडला होता. एकदा वस्तू संग्रहालयाच्या नोंदवहीत गेली की तिला वारसाहक्क लागू होत नाही. आज हे संग्रहालय महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे आहे.

याचे मोल आज किती?

१९७९ मध्ये केंद्र सरकारने रविवर्मांच्या कलाकृतींना राष्ट्रीय कलानिधीचा दर्जा दिला. तेव्हापासून देशात असलेली त्यांची चित्रे परदेशात विकता येत नाहीत. २०२३ मध्ये त्यांच्या 'यशोदा आणि कृष्ण' या चित्राला मुंबईतील लिलावात ३८ कोटी रुपये मिळाले. हेन्री मूर यांच्या शिल्पांचे लिलाव परदेशात कोट्यवधी पौंडांत होतात. त्यामुळे औंधच्या संग्रहाची बाजारातील किंमत काढायला बसले तर आकडा डोळे दिपवणारा असेल.

पण तो आकडा निरर्थक आहे. या वस्तू बाजारात येऊच नयेत, म्हणून तर त्या संग्रहालयाला दिल्या गेल्या. खरी जोखीम वेगळी आहे. तैलचित्राला उष्णता, दमटपणा आणि धूळ यांचा त्रास होतो. कागदावरच्या चित्राला प्रखर उजेडाचा. जतन हे दरवर्षी करावे लागणारे, कधीही न संपणारे आणि बातमी न होणारे काम आहे. देणगी एकदाच दिली जाते, सांभाळावी मात्र रोज लागते.

महाराष्ट्रात असे आणखी कोण?

मुंबईतील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचा मोठा भाग टाटा बंधूंच्या देणग्यांतून उभा राहिला. सर रतन टाटा यांचा संग्रह १९२२ मध्ये, तर सर दोराबजी टाटा यांचा १९३३ मध्ये तिथे आला. पुण्यातील दिनकर केळकर चष्म्यांचा व्यवसाय करत. दिवे, अडकित्ते, दारे, वाद्ये अशा हजारो वस्तू त्यांनी गावोगाव फिरून जमवल्या, बालपणीच गेलेल्या 'राजा' या मुलाचे नाव संग्रहालयाला दिले आणि सगळे राज्य शासनाच्या स्वाधीन केले.

आधुनिक चित्रांबाबत सर्वांत मोठे नाव जहांगीर निकल्सन यांचे. कापसाचे व्यापारी असलेल्या निकल्सन यांनी पत्नीच्या निधनानंतर, १९६८ मध्ये पहिले चित्र विकत घेतले. २००१ मध्ये त्यांचे निधन झाले तोवर संग्रह सुमारे ८०० कलाकृतींचा झाला होता. मुंबईला आधुनिक कलेचे संग्रहालय मिळावे ही त्यांची इच्छा होती. २०११ पासून त्यांचा संग्रह छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील दालनात पाहता येतो. ठाण्याहून लोकलने सीएसएमटीला उतरून तिथे जाणे सोपे आहे. पंतप्रतिनिधींनी निवडलेली वाट मात्र उलटी होती. त्यांनी कला शहरात पाठवली नाही. ती गावातच ठेवली.

औंधला जायचे कसे?

पुणे-मिरज रेल्वेमार्गावरील रहिमतपूर हे जवळचे स्थानक. साताऱ्याहून रस्त्याने साधारण ४५ किलोमीटर. दिवाळीच्या सुट्टीत किंवा जत्रेला गावी जाणाऱ्या सातारा-सांगलीकरांना वाट थोडी वाकडी करून अर्ध्या दिवसात संग्रहालय पाहता येते. नकाशावर शोधताना मात्र पुण्याचे औंध निवडले जात नाही ना, हे तपासा.

देवीच्या पायऱ्या चढताना मध्येच ही वास्तू लागते. वर जाताना घाई असते, म्हणून उतरताना थांबा. आत रविवर्मांची आई-मुले, धुरंधरांच्या रेषा आणि मूर यांचा जाडाभरडा दगड एकाच छताखाली आहेत. हे सगळे एका माणसाने निवडले होते आणि राजवाड्याचे दार बंद होण्याआधीच बाहेर आणून ठेवले होते.